सगळ्याच सिस्टर नसतात: खान्देशात रुग्णसेवेचं काम मिळवताना

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही खासगी दवाखान्यात ड्रेस घातलेली बाई दिसली की पेशंटचे नातेवाईक तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. हाक मारायला हरकत नाही. पण त्या एका हाकेखाली चार-पाच वेगळी कामं, वेगळे कागद आणि वेगळे पगार असतात. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांची पहिली फसगत इथंच होते. दहावी झालेल्या मुलीला कुणी तरी 'सहा महिन्यांचं नर्सिंग' सुचवतं, बाप उधार-उसनवार करून फी भरतो आणि कागद हातात पडल्यावर कळतं की सहा महिन्यांत कुणी नर्स होत नसतं.

आधी पायऱ्या नीट पाहू.

नर्स व्हायचे सरळ रस्ते तीन. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बारावीनंतर, कुठल्याही शाखेला चालतो, पण फक्त मुलींसाठी. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, बारावीनंतर, मुलांनाही खुला. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. तिन्हींनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. ती नोंदणी म्हणजेच नर्स. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं बाकी काहीही असो, नोंदणी क्रमांक नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही.

त्याखालची पायरी म्हणजे पेशंटची रोजची देखभाल करणारा माणूस. दवाखान्यात त्याला मावशी, मामा, वॉर्डबॉय, अटेंडंट म्हणतात, घरी केअरटेकर. या पायरीसाठी जो अभ्यासक्रम आहे त्याचं नाव 'जनरल ड्युटी असिस्टंट', तोंडात बसलेलं रूप 'जीडीए'. घरच्या रुग्णसेवेसाठीचा त्याचाच भाऊ 'होम हेल्थ एड'. हे कौशल्य विकासातले अभ्यासक्रम आहेत, हेल्थ सेक्टर स्किल कौन्सिलनं आखलेले. साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि बहुतेक ठिकाणी दहावी पास चालतं. हा कागद प्रामाणिक आहे, फक्त तो नर्सिंगचा नाही. अडचण होते ती 'डिप्लोमा इन नर्सिंग असिस्टंट' असल्या भारदस्त नावांची. असं नाव समोर आलं तर संस्थेला एकच विचारायचं: हा कोर्स केल्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का, हो किंवा नाही, लेखी द्या. एएनएम-जीएनएमच्या मान्य संस्थांची यादी कौन्सिलच्या आणि महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर असते. मोबाइलवर दहा मिनिटांत पाहून होते.

जीडीएचा कोर्स निवडताना फीपेक्षा पलंग पाहावा. वर्गात उंची बदलणारा पलंग, सरावाचा पुतळा, व्हीलचेअर, बीपीचं यंत्र, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशिन आहे का? प्रत्यक्ष दवाखान्यातलं प्रशिक्षण किती दिवसांचं आणि कुठल्या दवाखान्यात? मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला द्याल का? दुकानाच्या माडीवर एक फळा आणि पन्नास खुर्च्या एवढंच असेल तर जिना उतरून यावं. कूस बदलणं फळ्यावर शिकता येत नाही.

काम कुठं आहे

खान्देशात आता तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: धुळ्याचं जुनं, जळगाव आणि नंदुरबारची अलीकडची. त्यांच्याभोवती खासगी दवाखाने, आयसीयू, डायलिसिस सेंटर वाढली. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा इथंही वीस-पंचवीस खाटांची हॉस्पिटलं आहेत आणि त्यांना माणसं लागतात. सरकारी दवाखान्यातल्या गट ड पदांची भरती जाहिरातीतूनच होते, बरीचशी कामं मात्र ठेकेदारामार्फत चालतात. ठेकेदाराकडे लागताना कंपनीचं पूर्ण नाव आणि तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, पहिल्या महिन्यातच मागून घ्यावा. 'वर साहेबांना द्यावे लागतात' असं म्हणून पैसे मागणाऱ्याकडे नोकरी नसते.

दुसरा मोठा भाग घरच्या कामाचा. मुलं पुण्यात, हिंजवडीत, नाही तर परदेशात. आई-वडील जळगावच्या बंगल्यात किंवा भुसावळला रेल्वेतून रिटायर होऊन बसलेले. पडून कंबरेचं हाड मोडलेलं, पक्षाघात, विसरभोळेपणाचा आजार, कॅन्सरचा शेवटचा टप्पा. इथं काम घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत मिळतं किंवा एका डॉक्टरच्या शब्दावर. गावपातळीवर दुसरा रस्ता जास्त चालतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट, हाडांचे डॉक्टर आणि औषधाच्या दुकानवाल्याकडे स्वतःचा नंबर देऊन ठेवावा. डायपर आणि एअर बेड कुणाच्या घरी जातात हे दुकानदाराला सगळ्यात आधी कळतं.

तिसरा रस्ता ताप्ती लाइनचा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही सगळी गावं सुरतच्या गाडीवर आहेत आणि सुरतेत खान्देशी वस्ती पिढ्यान् पिढ्यांची आहे. तिकडे, तसंच नाशिक-पुणे-मुंबईला, दर जास्त मिळतो; पण राहण्याचं, जेवणाचं आणि सुटीचं काय हे ठरल्याशिवाय गाडीत बसू नये.

भाषेचा फायदा लोक विसरतात. वॉर्डात धडगावहून, अक्कलकुव्याहून आलेल्या आजीला 'पेन स्केल', म्हणजे दुखणं दहापैकी किती, हे विचारून उपयोग नसतो. पावरी किंवा भिली येणारा अटेंडंट तिथं डॉक्टरचा कान होतो. अहिराणी घरातल्या म्हातारीला 'काय व्हयनं माय?' म्हटलं की ती दुखतंय ते सांगते. अर्जात भाषा लिहिताना मराठी-हिंदीवर थांबू नका. अहिराणी, लेवा, भिली, पावरी, गुजराती, जी येते ती लिहा.

सुरुवात कुठून करावी? आमचं मत सरळ आहे: पहिलं वर्ष दवाखान्यात. पगार कमी, रात्रपाळ्या जड, पण चूक झाली की शेजारी सिस्टर असते. घरी पेशंटला ठसका लागला तर तुम्ही आणि तो, एवढेच.

पैशाचं गणित

दर गावागावाला वेगळे, त्यामुळे इथं फक्त हिशोबाची पद्धत दाखवतो. आकडे मानलेले आहेत. समजा ब्युरो घरच्यांकडून बारा तासांचे 800 रुपये घेतो आणि तुमच्या हातात 600 देतो. 26 दिवस भरले तर 15,600. छान वाटतं. पण एक पेशंट संपून दुसरा मिळेपर्यंत दिवस मोकळे जातात. वर्षात दोन महिने असे गेले तर महिन्याची सरासरी 13,000 वर येते.

आता दवाखान्यात 12,000 पगार आहे आणि तिथं पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे असं समजू. तुमच्याकडून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 आणि ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 90 कापले जातील. हातात 10,470. पण मालकाकडूनही 1,440 जमा होतात, म्हणजे भविष्यनिर्वाह आणि पेन्शन मिळून महिन्याला 2,880 तुमच्या नावावर पडतात. वर ईएसआयमधून कुटुंबाचे उपचार आणि बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी येतात. 'घरच्या कामात जास्त सुटतात' हे वाक्य ऐकलं की हा हिशोब करून पाहावा.

ब्युरोकडे नाव नोंदवताना आधार आणि मार्कशीटच्या झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद देऊ नयेत. मूळ मार्कशीट ठेवून घेणारा ब्युरो तुम्हाला सोडताना त्रास देणार, हे धरून चालावं. पोलीस पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून काढून ठेवला तर घरची कामं लवकर मिळतात.

हाताला काय यायला हवं

मुलाखतीत प्रमाणपत्र एक मिनिट पाहतात. नंतर जाणती सिस्टर म्हणते, 'या पेशंटची कूस बदलून दाखव.' तिथं कळतं.

पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. कारण हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरायला लागते. वरून जखम दिसते तेव्हा आत बरंच काही झालेलं असतं. जागा ठरलेल्या: माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. रोज स्पंजिंग करताना, म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसताना, या जागा पाहायच्या. लालसर दिसलं तर बोटानं दाबून सोडायचं. क्षणभर फिकट होऊन रंग परत आला तर ठीक. दाबूनही लाल ते लालच राहिलं तर बेडसोअर सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तिथं हाताच्या पाठीनं पाहावं: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक झालंय का, काळपट पडलंय का.

इथं हमखास होणाऱ्या चुका चार आहेत. लाल जागेवर तेल लावून चोळणं. त्यानं आतली मेलेली कातडी आणखी फाटते. पेशंटला काखेत धरून वर ओढणं. गादीवर कातडी घासते, म्हणून दोघांनी अंगाखालच्या आडव्या चादरीला धरून उचलायचं. माकडहाडाखाली गोल रिंग ठेवणं. रिंगच्या कडेनं रक्त आणखी अडतं. आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं बंद करणं. एअर बेड मदत करतो, दोन तासांचा नियम माफ करत नाही. पूर्ण कुशीवर झोपवण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन 30 अंशांत तिरकं ठेवावं, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली अशी की टाचा गादीला टेकणारच नाहीत.

नाकातल्या नळीनं, म्हणजे रायल्स ट्यूबनं, भरवणं हे दुसरं महत्त्वाचं काम. नळी घालणं तुमचं काम नाही; ते नर्स किंवा डॉक्टर करतात. नळी घातल्यावर नाकपुडीपाशी मार्करची खूण असते. दर वेळी आधी ती खूण जागेवर आहे का ते पाहायचं. नळी बाहेर सरकलेली दिसली तर आत ढकलायची नाही, फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, थांबवून फोन करायचा. नळी श्वासनलिकेत असताना दूध गेलं तर ते फुप्फुसात जातं. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर. आधी 30 मिली पाणी, मग गाळलेलं फीड, मग पुन्हा 30 मिली पाणी. एका वेळी किती हे डॉक्टर ठरवतात, मोठ्या माणसाला साधारण 200 ते 250 मिली असतं. 50 मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून नुसती नळकांडी लावायची आणि फीड आपल्या वजनानं उतरू द्यायचं. 15-20 मिनिटं लागतात. दांड्यानं ढकललं की पाच मिनिटांत उरकतं, आणि तासाभरात उलटी होते. खोकला आला, चेहरा निळसर पडला, धाप लागली तर तिथंच थांबा. संपल्यावरही निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, पेशंट आडवा करायचा नाही.

गोळ्या नळीतून देताना ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असतं त्या कुटायच्या नाहीत. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं. डॉक्टरांकडून पर्याय मागून घ्यावा.

तोंडानं खाणाऱ्या पक्षाघाताच्या पेशंटबद्दल एक गोष्ट घरच्यांना उलटी वाटते: त्याला घट्टपेक्षा पातळ जास्त धोक्याचं. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून मऊ गोळा केला तर तो गिळतो, आणि नुसत्या पाण्याच्या घोटानं ठसकतो. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोटा चमचा. आधीचा घास गिळला का ते पाहून पुढचा. शेवेच्या रश्शात चुरलेली भाकरी मात्र नको, पातळ आणि घट्ट एकत्र आलं की गिळणं सगळ्यात अवघड होतं.

लघवीची नळी असेल तर युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीला न टेकलेली. हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती पेशंटला खुर्चीत बसवताना: बॅग उचलून त्याच्या मांडीवर ठेवली जाते, जुनी लघवी उलटी आत जाते आणि दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. उठवण्याआधी बॅग रिकामी करावी. लघवी मोजताना साधा मापदंड: तासाला किलोमागे अर्धा मिली. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली, म्हणजे सहा तासांत 180. त्याहून कमी भरली तर आधी नळी मुरगळली किंवा अंगाखाली दबली आहे का ते पाहायचं, नसेल तर कळवायचं.

पलंगावरून खुर्चीत घेताना व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक दोन्ही चाकांना, पायठेवणी वर. अधू हाताला धरून ओढायचं नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू ढिले असतात आणि खांदा निखळतो. तुम्ही गुडघ्यात वाका, कंबरेत नाही. घरचे पलंग बुटके असतात आणि या धंद्यात कंबर आधी जाते. चारही पायांखाली सारखे, खोबणीचे लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्यायला घरच्यांना सांगा. खर्च किरकोळ आणि सांगायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

वही

दोनशे पानी वही हे या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. 'पेशंट बरा आहे' ही नोंद नव्हे. नोंद अशी असते:

सकाळी 6: डावी कूस. माकडहाड स्वच्छ, उजव्या टाचेला रुपयाएवढी लाली, दाबल्यावर फिकट होत नाही. टाच उचलून ठेवली, मुलाला फोन केला.
7:30: उपाशीपोटी शुगर 118. फीड 200, पाणी 60.
8: उजवी कूस. बीपी 134/82, नाडी 78, ऑक्सिजन 96. लघवी रात्री 10 पासून 520 मिली, पिवळी, स्वच्छ.
8:15: रात्रपाळीकडून ताबा घेतला. दोघींच्या सह्या.

अशी वही तीन ठिकाणी कामाला येते. डॉक्टर आले की त्यांना दोन मिनिटांत चित्र कळतं आणि ते तुमचं नाव लक्षात ठेवतात. घरच्यांनी 'तुमच्यामुळेच जखम झाली' म्हटलं तर कधी दिसली, कुणाला कळवलं हे लिहिलेलं असतं. आणि पुढच्या कामाला जाताना पेशंटचं नाव झाकून एका पानाचा फोटो दाखवला, तर दहा वाक्यांच्या बायोडाटापेक्षा तो जास्त बोलतो. त्या घराची परवानगी मात्र आधी घ्यायची.

कुठल्या आकड्याला धावायचं हेही वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं, कारण ते पेशंटनुसार बदलतं. ऑक्सिजन 90 म्हणजे सगळ्यांना घाबरण्यासारखं, पण जुनाट दम्यानं फुप्फुस झिजलेल्या काही पेशंटना डॉक्टर 88 ते 92 वरच ठेवायला सांगतात. शुगर 70 च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन.

'एवढं सलाईन लावून टाक ना'

हे वाक्य घरच्या कामात कानावर येणारच. शेजारीण म्हणते, घरचे म्हणतात, कधी कधी डॉक्टरांचा माणूसही म्हणतो. इंजेक्शन, सलाईन, लघवीची किंवा नाकातली नळी घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही जीडीएची कामं नाहीत. हाताला येत असली तरी नाहीत. चुकलं तर तुमच्या पाठीशी कुठलाही कागद उभा राहत नाही, आणि त्या दिवशी 'तूच म्हणालीस मला येतं' हे सगळ्यांना आठवतं. नम्रपणे सांगावं: 'काकू, नोंदणी असलेल्या सिस्टरला बोलवू, मी बाजूला मदतीला थांबते.'

बाळ-बाळंतिणीच्या कामात याच्या उलट होतं, तिथं आजीला घुटी हवी असते आणि डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही नको म्हणतात. वाद घालू नका. डॉक्टरांचा कागद आजीला वाचून दाखवा. पण एका गोष्टीवर अडून बसा: बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

आपला उन्हाळा, आपली वीज

जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांवर जातो आणि त्यानं कामाचं वेळापत्रकच बदलतं. एअर बेडचं प्लास्टिक अंगाला चिकटतं, घामानं कातडी मऊ पडून लवकर सोलते. त्यावर सुती चादर एकच पातळ आणि डायपर ठरल्या वेळेआधी बदलावा. म्हातारी माणसं तहान सांगत नाहीत, म्हणून दिवसाचं पाणी सकाळी मोजून बाटल्यांत भरून ठेवावं. मात्र हृदय किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. त्याला प्रेमानं पाजलेला जास्तीचा तांब्या दवाखान्यात पोचवू शकतो.

वीज गेली की एअर बेडची मोटर थांबते आणि गादी हळूहळू बसते. कूस बदलायची वेळ जवळ आणा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं यंत्र) असलेल्या घरी भरलेला सिलिंडर हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. 5 लिटर लागत असेल तर फक्त पाच तास. हे गणित कामाच्या पहिल्याच दिवशी करून सिलिंडरवर चिकटवावं. त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको.

स्वतःचा जीव

कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बीची लस: पहिला डोस, एका महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, बहुतेक टोचण्या तिथंच होतात. टोचलीच तर रक्त पिळून काढू नका. वाहत्या पाण्यात साबणानं धुवा आणि तडक सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, कोर्स 28 दिवसांचा असतो. 'मालक रागावतील' म्हणून चार दिवस गप्प बसलात तर वेळ गेलेली असते.

दवाखान्यात कचऱ्याचे रंगही मुलाखतीत विचारतात: रक्तानं भरलेला कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या-हातमोजे-युरोबॅग लाल, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात.

घरच्या कामात बोलणी करताना कागदावर चार ओळी तरी लिहून घ्या: किती तास, कोणती सुटी, जेवण कुणाचं, आणि काम कुणाचं. 'पेशंटचे कपडे' आणि 'घरातले कपडे' यांत फरक आहे, तो पहिल्या दिवशी सांगितला तर भांडण होत नाही. चोवीस तासांच्या ड्युटीत रात्री दर दोन तासांनी उठायचं असेल तर दिवसा सलग झोपेची वेळ ठरलीच पाहिजे. नाही तर तिसऱ्या रात्री फीड देताना डोळा लागतो. घरात छेडछाड झाली तर तेही कामाच्या ठिकाणचंच छळवणूक प्रकरण असतं. 2013 च्या कायद्यानुसार घरात काम करणाऱ्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तातडीला 112 आणि महिलांसाठी 181 आहेच.

पुढची पायरी

दोन-तीन वर्षं जीडीए म्हणून काढल्यावर दोन वाटा फुटतात. एक शिक्षणाची: बारावी राहिली असेल तर मुक्त विद्यालयातून बारावी, मग एएनएम किंवा जीएनएम. वयाची वरची मर्यादा साधारण 35 आहे, त्यामुळे 'पुढं पाहू' फार लांबवू नये. प्रवेशाचे नियम दर वर्षी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तपासावेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही हातात येते. दुसरी वाट कामाची: डायलिसिस, ऑपरेशन थिएटर किंवा घरच्या रुग्णसेवेत सुपरवायझर. पाच-सात माणसं हाताशी आली की काही जण स्वतःचा ब्युरो काढतात. तिथं पहिली परीक्षा असते ती आपल्याच माणसांना वेळेवर पगार देण्याची.

परदेशाबद्दल थोडक्यात. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का येत नाही. हा कागद त्यासाठीही जपा. जपानला केअरगिव्हर म्हणून जायला भाषेची परीक्षा, कौशल्याची परीक्षा आणि देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा लागते. जर्मनी नोंदणीकृत नर्सना घेते, जर्मन भाषा बी1-बी2 पातळीपर्यंत शिकावी लागते. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहा. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून देतो' असं म्हणणाऱ्याला पासपोर्ट हातात देऊ नका.

पेशंट गेल्यावर

घरचं काम बऱ्याचदा असंच संपतं, आणि त्या तासाचं कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. श्वास थांबलेला दिसला तर वेळ वहीत लिहा, घरच्यांना आणि डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर येऊन पाहीपर्यंत नाकातली किंवा लघवीची नळी काढू नका. घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला डॉक्टर नमुना 4 अ वर देतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, हे गडबडीत घरच्यांच्या डोक्यात नसतं. अंगावरचे दागिने स्वतः काढू नका. घरच्या दोघांसमोर त्यांनाच काढू द्या आणि वहीत तशी ओळ लिहून त्यांची सही घ्या. राहिलेल्या पगाराचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. तेराव्यानंतर जा, वहीतले दिवस मोजून हिशोब दाखवा, आणि त्याच वेळी दोन ओळींचं अनुभवपत्र मागा: किती महिने, कोणत्या आजाराचा पेशंट, काय काय केलं, खाली सही आणि फोन नंबर.